वाफा मुलांचा, वहीही मुलांची

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वसतिगृहात 13 ते 17 वयाची 26 मुलंमुली आहेत आणि इमारतीमागे अर्धा एकर मोकळी जागा आहे. शनिवारी एक शेतीतज्ज्ञ येऊन तासभर माहिती देतात, बुधवारी दुसरे पाहुणे जीवनकौशल्यांवर बोलतात. सहा महिने हे चाललं. आता जागेत तण माजलंय, मुलं टाळाटाळ करतात आणि दोन पालकांनी तुम्हाला सरळ सुनावलं, ‘आम्ही पोरांना खुरपायला पाठवलेलं नाही.’ पुढे जाऊन या मुलांना पोटापाण्याचं काही साधावं अशी तुमची तळमळ आहे, म्हणून तुम्ही विचारताय की अभ्यासक्रम कोणता घ्यावा.

अभ्यासक्रमाकडे मी येतो, पण आधी तुमच्याच मजकुरातली एक गोष्ट दाखवतो. पीक तुम्ही निवडलंत. खताचं तज्ज्ञांनी सांगितलं. पाण्याच्या वेळा व्यवस्थापकांनी ठरवल्या. माल निघाला तो स्वयंपाकघरात गेला आणि त्याचं काय झालं ते मुलांना कळलंही नाही. मग मुलांच्या वाट्याला काय राहिलं? खुरपं. ज्या कामात आपण काहीच ठरवत नाही त्या कामाचा कंटाळा मोठ्या माणसालाही येतो, ही तर पोरं आहेत. तेव्हा माझ्या मते तुमची खरी अडचण विषयांची नाही, निर्णय कोणाच्या हातात आहेत ही आहे. ती सुटली की शेती आणि जीवनकौशल्यं असे दोन वेगळे तासही फारसे लागत नाहीत.

मी हे काम एकोणीस वर्षं करतोय. पहिली चार-पाच वर्षं मीही असंच दोन वेळापत्रकांत शिकवलं. मुलं वहीत सगळं छान उतरवून घ्यायची आणि वाफ्यात पाणी तुंबलेलं समोर दिसत असून कोणी हलायचं नाही. त्याचं कारण समजायला मला वेळ लागला, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहितोय.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील, त्या आधीच सांगतो. वर्षभर पाणी असेल तर तीन हंगाम मिळतील, नसेल तर एकच, आणि मग उरलेले महिने रोपवाटिका, बियाणं, हिशेब, अवजारांची दुरुस्ती यांवर घालवावे लागतील. तेरा वर्षांच्या मुलाला आणि सतरा वर्षांच्या मुलीला एकाच मापाने जबाबदारी देता येणार नाही. आणि सगळ्यात मोठा फरक जमिनीचा. घरी जमीन असलेल्या मुलाचा रस्ता वेगळा, नसलेल्याचा वेगळा. तुमच्या 26 पैकी कोण कुठल्या गटात आहे याची मोजदाद आधी करा, पण ती चारचौघांत करू नका.

आता जागा. अर्धा एकर एकदम कसायला घेऊ नका. पहिल्या हंगामाला वाफ्यांचे शंभर चौरस मीटर पुष्कळ झाले, मधल्या वाटा वेगळ्या. बाकी जागेत हिरवळीचं खत, म्हणजे वाढवून मातीत गाडायचं पीक, पेरून ठेवा. चार-पाच जणांचे सहा गट करा, प्रत्येक गटात वयाने लहान-मोठी मुलं मिसळा आणि प्रत्येक गटाला तीन वाफे द्या. वाफा मीटरभर रुंद, पाच मीटर लांब. रुंदी यापेक्षा वाढवू नका, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. पाय पडला की माती दबते आणि मुळं गुदमरतात. हे मुलांना सांगण्याऐवजी एक हातभर पट्टा मुद्दाम तुडवायला लावा आणि दोन आठवड्यांनी दोन्हीकडची रोपं उपटून मुळं शेजारी शेजारी ठेवा.

पिकं गटाने निवडायची, अट एकच: एक महिनाभरात निघणारं, एक दोन महिन्यांचं आणि एक त्याहून लांबचं. मुळा किंवा पालेभाजी तीस-पस्तीस दिवसांत हाताशी येते. घेवडा पन्नास-साठ दिवस घेतो. टोमॅटोला आधी रोपवाटिका लागते आणि पुनर्लागवडीनंतर आणखी दोन-अडीच महिने. या अटीमागे हेतू आहे. पहिली मिळकत लवकर दिसली नाही तर मुलांचा धीर सुटतो, आणि सगळंच लवकर निघालं तर वाट बघण्याचं, मध्येच खर्च करत राहण्याचं शिक्षण होत नाही. तीन वाफ्यांत तीन वेगळे काळ शेजारी शेजारी चालू राहिले की ‘हातात पैसा कधी येणार आणि तोवर काय करायचं’ हा प्रश्न मुलं आपण होऊन विचारतात. पोटापाण्याच्या शिक्षणाची सुरुवात मी तिथून धरतो.

शिकवण्याची पद्धत मी शेतीशाळेवरून घेतली, आणि ती कशी जन्मली ते माहीत असणं उपयोगाचं आहे. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा, म्हणजे रस शोषणाऱ्या किड्यांचा, उच्छाद होता. औषधांवर सरकारी अनुदान होतं, फवारण्या वाढत गेल्या आणि तुडतुडेही वाढत गेले, कारण त्यांना खाणारे कोळी आणि इतर मित्रकीटक फवारणीत आधी मरत होते. 1986 मध्ये तिथल्या सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीने शेतकऱ्याला निर्णय घेता येत नाही. म्हणून 1989 पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांचे गट हंगामभर दर आठवड्याला शेतातच भरू लागले. तिथे व्याख्यान नसायचं. शेतकरी पीक बघायचे, बघितलेलं मोठ्या कागदावर काढायचे आणि चर्चा करून त्या आठवड्याचा निर्णय स्वतः घ्यायचे.

मुलांसोबत मी नेमकं हेच करतो. आठवड्यातून एक सकाळ, दोन तास. प्रत्येक गट आपल्या वाफ्यातली दहा झाडं बघतो. त्यांना दोरा बांधून ठेवलेला असतो, म्हणजे दर वेळी तीच झाडं मोजली जातात. उंची, पानांची संख्या, कीटक, बोटभर खोल मातीत ओल आहे का. मग कागद पसरायचा. मधोमध झाडाचं चित्र, एका बाजूला पिकाला खाणारे, दुसऱ्या बाजूला त्या खाणाऱ्यांना खाणारे, वर ऊन की ढग, खाली मातीची स्थिती. कागदाच्या तळाशी तीन ओळी: या आठवड्यात काय करायचं, कोण करणार, का. गटातलं एक जण उभं राहून हे मांडतं आणि बाकीचे गट उलटतपासणी करतात.

तुमचं काम विचारत राहण्याचं. मुलगा किडा घेऊन येतो, ‘हा कुठला?’ नाव सांगितलंत की शोध संपतो. त्याऐवजी विचारा, कुठे सापडला, काय करत होता, एकटाच होता का. सुरुवातीला मुलं वैतागतात, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तेच प्रश्न एकमेकांना विचारू लागतात.

एक प्रसंग सांगतो. घेवड्याच्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला होता, आणि त्याच शेंड्यांवर काळपट, अंगावर केशरी ठिपके असलेल्या, मगरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या अळ्या फिरत होत्या. गटातली पंधरा वर्षांची मुलगी ठाम होती: दोन-दोन किडी आहेत, आजच फवारायचं. दुसरा मुलगा म्हणाला, या अळ्या पान खाताना मला दिसल्या नाहीत. वाद वाढला. मी एक काचेची बरणी दिली. मावा भरलेला शेंडा, त्यात एक अळी, वर पातळ फडकं आणि रबर. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच मुलगी बरणी घेऊन माझ्या दारात उभी होती. शेंड्यावर मावा नावालाच उरला होता. ती लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी होती. भुंगेरा सगळ्यांना ओळखू येतो, त्याची अळी कोणाला ओळखू येत नाही, म्हणून मारली जाते. मुलीने आदल्या दिवशीच्या कागदावर ‘फवारणी’ खोडलं आणि पुढे लिहिलं, ‘चार दिवस थांबायचं, रोज मोजायचं.’ आपलं मत भर गटात बदलणं, तेही हरल्यासारखं न वाटता, हे मी व्याख्यान देऊन आजवर कोणालाही शिकवू शकलेलो नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात जीवनकौशल्यांची जी दहा नावं मांडली, त्यांत निर्णय घेणं, प्रश्न सोडवणं, चिकित्सक विचार, संवाद, भावनांना सामोरं जाणं ही आहेत. बुधवारचे पाहुणे बहुधा हीच शिकवत असतील. त्यांना सांगा, वाफ्यावर या. सुट्टीच्या दिवशी पाणी कोण घालणार यावरून गटात भांडण होणारच, तेव्हा वाटाघाट शिकवायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. रोपं कोलमडून मेली की मुलं आधी बियाण्याला दोष देतात, मग एकमेकांना. माझ्या एका गटाने असंच केलं. त्यांना त्याच पाकिटातल्या दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून ठेवायला लावल्या. नऊ उगवल्या. मग बसून आठवलं, तेव्हा निघालं की तीन जण एकमेकांना न सांगता दिवसातून तीनदा पाणी देत होते. अति ओलीने रोपांचं खोड जमिनीलगत कुजतं. गटाने त्याच दिवशी पाण्याची पाळी लिहून भिंतीवर लावली.

एका गोष्टीवर मात्र बारीक लक्ष ठेवा. मुलांना मोकळं सोडलं की पाणी घालणं, झाडणं, निवडणं मुलींकडे जातं आणि अवजारं, पैसे, बाजार मुलग्यांकडे. हे कोणी ठरवत नाही, आपसूक होतं. म्हणून मी इथे मुलांचं ऐकत नाही, नियम करतो: दर तीन आठवड्यांनी कामं फिरतील, हिशेबाची वही आणि बाजारसुद्धा. आणखी एक, शरीराबद्दलचे प्रश्न, व्यसन, घरातला त्रास, नकोसा स्पर्श हे विषय वाफ्यावर आपोआप येत नाहीत. त्यांच्यासाठी विश्वासातली व्यक्ती, बंद खोली आणि लहान गट लागतोच. ते तास ठेवा.

तरी वाफा तिथेही हात देतो. 2003-04 च्या सुमारास मोझांबिकमध्ये एड्सने आईवडील गेलेल्या मुलांसाठी अन्न व कृषी संघटना आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने कनिष्ठ शेती व जीवन शाळा सुरू केल्या. आईबापांबरोबर शेतीचं घरातून चालत आलेलं ज्ञानही गेलं होतं, आणि मुलं एकटी पडली होती. तिथे पिकाची आणि आयुष्याची गोष्ट जोडून बोलली जाते: रोपाला कोवळ्या वयात काय धोका, मग तुमच्या वयाला काय धोका, पिकाचं रक्षण कोण करतं, तुमचं कोण करतं. मी हे करून पाहिलं आहे. स्वतःबद्दल एक अक्षर न बोलणारी मुलं रोपाबद्दल बोलता बोलता पुष्कळ सांगून जातात. अशा वेळी गटात खोदून विचारू नका, नंतर बाजूला घेऊन बसा.

आता वही. सगळ्यात जास्त दुर्लक्ष हिच्याकडे होतं आणि माझ्या लेखी ती खुरप्याइतकीच महत्त्वाची आहे. चार रकाने पुरे: तारीख, खर्च, किती तास काम, किती आलं. तासांचा रकाना गाळू नका. एका हंगामात सोळा वर्षांचा एक मुलगा मुळ्याचा हिशेब घेऊन खुशीत आला. बियाणं आणि खत वजा जाता चांगली रक्कम उरली होती. मी म्हटलं, तासांनी भाग. त्याने भागाकार केला, पुन्हा केला, आणि बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग म्हणाला, ‘एवढ्यावर कोण जगणार?’ त्या दिवशीची बैठक आम्ही त्याच वाक्यावर घेतली. कुठे तास वाया गेले? दोन तास नुसती झारी वाहण्यात, कारण पाण्याची टाकी लांब होती. किती मुळा विकलाच गेला नाही? सगळे वाफे एकाच दिवशी पेरले होते, त्यामुळे सगळा माल एकाच आठवड्यात आला. पुढच्या हंगामात त्या गटाने दर दहा दिवसांनी थोडं थोडं पेरलं, पालापाचोळ्याचं आच्छादन करून पाणी वाचवलं आणि टाकी जवळ आणण्याची मागणी लेखी, आकड्यांसह केली. मागणी मान्य झाली. आपण आकडे मांडले की मोठी माणसं ऐकतात, हा अनुभव त्या मुलांना पुढेही पुरेल असं मला वाटतं.

यासाठी माल फुकट स्वयंपाकघरात जाता कामा नये. स्वयंपाकघराला हवा असेल तर बाजारभावाने गटाकडून विकत घ्यावा, पावती व्हावी. थोडा माल बाहेर विकायला मुलांनी मोठ्या माणसासोबत स्वतः जावं. गिऱ्हाईक वाकडा मुळा बाजूला काढतं तेव्हा विरळणी, म्हणजे दाट उगवलेली रोपं उपटून कमी करणं, का करायची ते कायमचं कळतं. आलेल्या पैशातून पुढच्या बियाण्याचा खर्च आधी बाजूला काढायचा, उरलेल्याचं गटाने ठरवायचं. तुम्हाला न पटणारं ठरवलं तरी पहिल्यांदा तसं होऊ द्या.

मी कुठे अडवतो तेही सांगतो. विषारी औषधं, उघडी विहीर, चालू यंत्र, उन्हाच्या तडाख्यातलं काम, झेपणार नाही असं ओझं, इथे मुलांचा निर्णय चालत नाही. कीटकनाशकाची बाटली अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात कधीच द्यायची नाही, रिकामीसुद्धा.

इथून पालकांच्या तक्रारीकडे येतो. ती उडवून लावू नका, कारण तिच्यात तथ्य आहे. जगात सर्वाधिक बालमजुरी शेतीतच होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1973 चा करार कामाचं किमान वय साधारण पंधरा धरतो आणि त्याखाली शाळा बुडणार नाही, इजा होणार नाही एवढंच हलकं काम चालवून घेतो. 1999 च्या करारात अठराच्या आतल्यांना धोक्याचं काम पूर्ण वर्ज्य आहे. मग शिक्षण कुठलं आणि मजुरी कुठली? मी तीन प्रश्न विचारतो. या कामाचे तास ठरलेले आहेत का? काम मुलाच्या निर्णयातून निघालं आहे का? फायदा मुलाकडे जातो का? तुमच्या गेल्या सहा महिन्यांना हे प्रश्न लावले तर पालक चुकीचं बोलले असं म्हणता येत नाही. त्यांना बोलवा, हे मान्य करा आणि नवी पद्धत दाखवा. माझा नियम आठवड्याला बैठकीचे दोन तास आणि रोजचा अर्धा-पाऊण तास, त्याहून जास्त नाही.

पालकांना नुसतं समजावून भागत नाही, त्यांना कामाला लावावं लागतं. फ्रान्समध्ये 1935 साली एका खेड्यातल्या पाद्र्याने चार शेतकरी मुलांना घेऊन एक प्रयोग सुरू केला: थोडे दिवस एकत्र राहून शिकायचं, बाकीचे दिवस घरच्या शेतात. त्यातून पुढे कुटुंबांनी चालवलेल्या ग्रामीण शाळांची मोठी चळवळ उभी राहिली. त्यांची एक पद्धत मी उचलली. मूल घरी जाताना एक प्रश्न घेऊन जातं आणि उत्तर घरच्यांकडून आणतं. तुमच्याकडे बियाणं कसं टिकवत? सगळ्यात मोठं नुकसान कधी झालं आणि त्यातून कसे सावरलात? शेती न करणाऱ्या घरांना विचारा, महिन्याचा खर्च कसा बसवता? सुट्टीवरून परतल्यावर त्या उत्तरांवर एक बैठक होते. मलाही एका बापाने असंच झापलं होतं. त्याच्या उत्तराची मुलाने दोन पानं लिहून आणली होती, आणि पुढच्या भेटीत तो स्वतः कलम बांधायला शिकवायला आला.

शेवटी पोटापाण्याचं. या मुलांपैकी सगळी शेतकरी होणार नाहीत, आणि तसं उद्दिष्ट ठेवूही नका. जमीन नसलेल्याला नुसतं पीक घ्यायला शिकवून त्याचं पोट भरत नाही. पण शेतीभोवती कामं पुष्कळ आहेत: रोपवाटिका, कलमं, ठिबकची जोडणी आणि दुरुस्ती, मालाची प्रतवारी, वाळवण आणि साठवण, मधमाश्या, हिशेब लिहिणं. दुसऱ्या हंगामापासून मोठ्या मुलांना यातलं एकेक काम धंद्यासारखं चालवायला द्या. रोपवाटिकेपासून सुरू करा, तिला जागा थोडी लागते आणि पैसा महिन्याभरात फिरतो. पॅराग्वेमध्ये फुंदासिओन पाराग्वाया या संस्थेने 2003 च्या सुमारास बुडीत निघालेली एक शेतकी शाळा घेतली आणि विद्यार्थी चालवत असलेल्या व्यवसायांच्या उत्पन्नातून काही वर्षांत ती स्वतःच्या पायावर उभी केली. तुम्ही तेवढी उडी घेऊ नका. विक्रीवर संस्थेचा खर्च अवलंबून राहिला की मुलांचे तास नकळत वाढत जातात, आणि पुन्हा त्या पालकांच्या तक्रारीपाशी आपण येतो.

अभ्यासक्रम विचारला होतात. पहिल्या हंगामापुरता तो एवढाच: सोळा सकाळी, सहा गट, अठरा वाफे, सहा वह्या. शनिवारच्या तज्ज्ञांना सोडू नका, मुलांचे प्रश्न साचले की महिन्यातून एकदा बोलवा. त्यांनाही ते जास्त आवडेल.

पहिल्या सकाळी भाषण करू नका. प्रत्येक गटाला तीस घेवड्याच्या बिया, ओला कागद आणि एक डबी द्या. यातल्या किती उगवतील याचा अंदाज प्रत्येकाला स्वतःच्या नावापुढे लिहू द्या आणि डबी त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच जबाबदारीवर ठेवा. कागद ओला ठेवायची आठवण तुम्ही करून देऊ नका. आठव्या दिवशी डब्या उघडा, मोजा, आणि वाफ्यात किती बी लागेल ते त्यांनाच काढू द्या.